कडेच्या गड्याचा गुन्हा काय?

"जाधव दिसलाच नाही!"

२०१७ सालच्या ऑक्टोबर महिन्याची सात तारीख होती. आदल्या रात्री दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू मैदानावर सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात आपल्या पोरांनी अमेरिकेकडून तीन-शून्य असा मार खाल्ला होता, आणि जयसिंगपूर स्टेशनाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर सकाळी सकाळी हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकले. शाळेत पोहोचेपर्यंत ते आणखी दोन ठिकाणी ऐकले. शिक्षकांच्या खोलीत तर ते माझ्या आधीच येऊन बसले होते. भूगोलाच्या गुरुजींनी डबा उघडता उघडता निकाल दिला, "नुसतं पळतंय वो पोरगं. पळून काय उपेग?" ज्यांनी जन्मात एस.टी. पकडण्यासाठीही कधी पाय उचलला नाही, त्यांचे हे मत!

जाधव म्हणजे अनिकेत जाधव. आपल्या कोल्हापूरचा मुलगा, अंगात वारा भरलेला, मैदानाच्या कडेने चेंडू घेऊन सुटणारा. फुटबॉलच्या विश्वचषकात, मग तो कोणत्याही वयाचा असो, भारताचा संघ उतरण्याची ती पहिलीच वेळ. १९५० साली ब्राझीलला जाण्याची संधी दारात आली होती, पण आपला संघ बोटीत चढलाच नाही. अशा देशाची पोरे प्रथमच त्या मांडवात उभी राहतात, त्यांत आपल्या जिल्ह्याचा एक असतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या नावाने आपण काय म्हणतो? तर तो दिसला नाही!

यावर तेव्हाच लिहायला हवे होते. लिहिले नाही, कारण मला वाटले, हा एका रात्रीचा राग आहे. चहाबरोबर निवून जाईल. परंतु गेल्या मोसमात शाहू स्टेडियमवरचा एक सामना पाहून संध्याकाळच्या पॅसेंजरने परत येत होतो. ज्या संघाच्या बाजूने मी ओरडलो तो हरला होता. समोरच्या बाकावर तिघेजण होते. वळिवडे स्टेशन यायच्या आत त्यांनी पराभवाची चौकशी पुरी करून आरोपी निश्चित केला. आरोपी उजव्या कडेने पळणारा एक एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा. आणि आरोपपत्राचे पहिले वाक्य? "आज काय दिसलाच न्हाई बघ त्यो." नाव तेवढे दुसरे, वाक्य तेच. तेव्हा मात्र माझी खात्री झाली की हा राग नव्हे, ही खोड आहे. आणि खोड जुनी असली तर ती कुठून आली हे पाहणे भाग आहे.

माझे सरळ म्हणणे असे की आपण कोल्हापूरकर फुटबॉल पाहतो ते कुस्तीच्या डोळ्याने. वाचकांना राग येईल, येऊ द्या. आमच्या संघांची नावेच पाहा. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम! जिथे शड्डू ठोकायचा त्या जागेच्या नावाने फुटबॉलचा संघ उतरतो, हे दुसऱ्या कुठल्या शहरात घडत असेल तर मला दाखवा, मी तिकीट काढून पाहायला जाईन. यात मी टिंगल करीत नाही. तालमींनी हा खेळ जगवला. गल्लीतल्या पोराला बूट दिले, दुखापत झाली तर दवाखान्यात नेले, पेठेची अब्रू त्याच्या अंगावर घातली. हे ऋण मोठे आहे. पण खेळाबरोबर तालमीने आम्हांला आपली नजरही दिली, आणि ती नजर या खेळाला लागू पडत नाही.

खासबागेत कुस्ती लागते तेव्हा दोघेच मातीत असतात. एकाची पाठ लागते. ती कुणाची लागली हे पंचाला, हलगीवाल्याला आणि सर्वांत वरच्या पायरीवरल्या पोराला एकाच क्षणी कळते. हरला कोण, या प्रश्नाला तिथे बोट दाखवून उत्तर देता येते. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही असे बोट दाखवत आलो. आता फुटबॉलच्या मैदानात बावीसजण आहेत, नव्वद मिनिटे आहेत, आणि पाठ लागते ती कधी याची, कधी त्याची, कधी मैदानाच्या दोन टोकांना एकाच वेळी दोघांची. पण आमचे बोट मात्र तसेच उचललेले! त्याला कुणीतरी एक हवा असतो. तो सापडेपर्यंत आम्हांला जेवण जात नाही.

दिल्लीच्या त्या रात्रीचीच गोष्ट घ्या. अमेरिकेने पहिला गोल पेनल्टीवर केला. दुसरा मध्यंतरानंतर थोड्या वेळाने झाला. आणि तिसरा? सामना संपत आला असता आपल्या अन्वर अलीने मारलेला चेंडू गोलाच्या आडव्या दांडीवर आपटून परत आला, आणि तोच डाव उलटवून अमेरिकेच्या पोरांनी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गोल केला. दांडी वीतभर वर असती तर दोन-एक झाले असते. ती होती तिथे होती म्हणून तीन-शून्य झाले. आता सांगा, या तिसऱ्या गोलात पाठ कुणाची लागली? अन्वरची? दांडीची? पुढे गेलेल्यांची, की मागे राहिलेल्यांची? चहाच्या गाड्यावर या प्रश्नात कुणालाच गोडी नव्हती. तिथे जाधव पुरेसा होता.

हेलसिंकीचे उदाहरण मला नेहमी आठवते. १९५२ सालचे ऑलिंपिक. तिथे खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. गोळेश्वरचा हा पठ्ठ्या आमच्या राजाराम कॉलेजचा विद्यार्थी, म्हणून अर्धा कोल्हापूरचाच. (योगायोग पाहा, आडनाव हेही जाधव.) त्यांचे नाव इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे आणि असायलाच हवे. पण त्याच ऑलिंपिकात, त्याच महिन्यात, भारताचा फुटबॉल संघ युगोस्लाव्हियाकडून दहा-एक असा हरला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते, आणि समोरच्यांच्या पायांत बूट. त्या दहा गोलांच्या पावसात आपल्या बाजूने एक गोल झाला, तो अहमद खान यांनी केला. हे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले आहे? मी स्वतः चाळिशी उलटेपर्यंत ऐकले नव्हते. एकट्याने जिंकलेले आपल्याला कळते. अकरांनी मिळून हरणे म्हणजे काय, त्यात कुणी किती झुंजला, हे मोजायची मापेच आपल्या घरात नाहीत.

आता वेगाकडे वळतो, कारण खरा घोळ तिथे आहे. आमच्या लोकांना वाटते, वेग ही त्या कडेच्या गड्याची खाजगी मालमत्ता आहे. पायात आहे, खिशात पाकीट असावे तशी. वाटेल तेव्हा काढावी आणि खर्च करावी. नाही काढली तर तो चिकट, नाही तर घाबरट. परंतु फुटबॉलचा नियमच असा आहे की वेगवान गड्याचा वेग दुसऱ्याच्या हातात, म्हणजे दुसऱ्याच्या पायात, असतो. ऑफसाइडचा नियम सर्वांना ठाऊक आहे असे सर्वजण म्हणतात, म्हणून तो पुन्हा सांगण्याचे धाडस करतो. आपला गडी समोरच्यांच्या अर्ध्यात आहे. चेंडू त्याच्या मागे, आपल्या माणसाच्या पायाशी आहे. तो माणूस चेंडू पुढे मारील त्या क्षणी या गड्याच्या आणि गोलरेषेच्या मध्ये समोरचे निदान दोघेजण तरी असले पाहिजेत, किंवा त्या दोघांतल्या अलीकडच्याच्या बरोबरीने तरी हा असला पाहिजे. त्यांतला एक बहुतेक वेळा गोलरक्षक असतो. म्हणजे उरला एक. त्या एकाच्या खांद्याला खांदा लावून आपला गडी उभा आहे, टाचा उचललेल्या, धनुष्यावर चढवलेल्या बाणासारखा. चेंडू नेमका त्या क्षणी सुटला तर वेगाचे सोने होते. अर्धा सेकंद उशिरा सुटला तर गडी पुढे गेलेला असतो आणि लाइनमनचे निशाण वर. अर्धा सेकंद लवकर सुटला तर गोलरक्षक पुढे येऊन तो अलगद उचलतो. दोन्ही वेळा पाहणारा काय म्हणतो? "गेला फुकट!" कोण फुकट गेला? चेंडू मारणारा मधल्या फळीचा गडी तोवर पाठ फिरवून चालू लागलेला असतो. त्याच्याकडे कुणी पाहत नाही.

आमच्या शिरोळ तालुक्यात शेतकऱ्याला हे एका वाक्यात कळेल. दहा अश्वशक्तीची मोटर कोरड्या विहिरीवर बसवायची आणि पाणी येत नाही म्हणून मोटरीला लाथा घालायच्या!

याहून एक चमत्कारिक गोष्ट आहे, आणि ती कुणी बोलत नाही. वेगवान गड्याला धावायला समोरच्यांच्या पाठीमागे मोकळे रान लागते. सामना बरोबरीत असतो तेव्हा समोरचे गोल करायला वर चढलेले असतात, त्यांच्या मागे तीस-चाळीस यार्ड रान पडलेले असते. पण एकदा त्यांनी गोल केला की त्यांना वर चढण्याची गरजच उरत नाही. ते मागे सरतात, आपल्या गोलापुढे आठ-नऊ जणांची भिंत रचतात. रान संपले. आता घोडा कितीही उमदा असो, त्याला गोठ्यात दौडायला सांगून काय होणार? म्हणजे आपला संघ पिछाडीवर पडतो त्याच घटकेला वेगवान गड्याचे हत्यार बोथट होते, आणि नेमके त्याच घटकेला हजारो कंठांतून आरोळी उठते, "पळ की रे!" तो दिसत नाही म्हणून आपण हरलो, हे आपले म्हणणे. मला उलट वाटते. आपण हरत होतो म्हणून तो दिसेनासा झाला.

हे केवळ आपल्या गरीब पोरांचे होत नाही. २०२२ सालच्या डिसेंबरातला विश्वचषकाचा अंतिम सामना आठवा. कोल्हापुरात गल्लीगल्लीत अर्जेंटिनाचे आणि ब्राझीलचे झेंडे लागले होते. त्या रात्री ब्राझीलवाले फ्रान्सच्या बाजूने ओरडत होते, निव्वळ शेजाऱ्याच्या दुष्टाव्याने. फ्रान्सकडे एम्बापे होता. त्याच्या वेगाबद्दल मी काय सांगावे? एकोणऐंशी मिनिटे तो जवळजवळ कुठे नव्हता. आमच्या गल्लीत पडद्यासमोर बसलेल्या मंडळींनी त्याची उत्तरक्रिया उरकली होती. दुसऱ्या कडेला देम्बेले होता, तोही वाऱ्यासारखा पळणारा. त्याच्यामुळे पेनल्टी गेली आणि प्रशिक्षकाने त्याला मध्यंतराच्याही आधी, एक्केचाळिसाव्या मिनिटाला, बाहेर बसवले. मग ऐंशीव्या मिनिटाला फ्रान्सला पेनल्टी मिळाली, ती एम्बापेने मारली. लगेच पुढच्या चढाईत कोमानने खुद्द मेस्सीच्या पायातून चेंडू काढला, तो फिरत एम्बापेकडे आला, त्याने थुरामला दिला, थुरामने उचलून परत दिला, आणि एम्बापेने तो खाली पडू न देता जाळीत घातला. कोमान आणि थुराम दोघेही बदली म्हणून आत आलेले. एम्बापेचे पाय पहिल्या मिनिटाला होते तेच ऐंशीव्या मिनिटाला होते. बदलले ते आजूबाजूचे. पुढे त्याने तिसराही गोल केला, आणि अंतिम सामन्यात तीन गोल करूनही पेनल्ट्यांच्या फेरीत फ्रान्स हरला. आता आमच्या कुस्तीच्या हिशेबाने यात चीत कोण झाला? तीन गोल करणारा?

आपल्याच देशाचे उदाहरण हवे असेल तर तेही आहे, आणि ते एका शिक्षकाचे आहे म्हणून मला अधिक प्रिय आहे. १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत भारताने फुटबॉलचे सुवर्णपदक मिळवले. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला दोन-एक असे हरवले. एक गोल पी. के. बॅनर्जींनी केला. उजव्या कडेचा गडी, त्या काळातला नामांकित! दुसरा केला जर्नैलसिंगांनी. हे जर्नैलसिंग मुळात बचावफळीचे. त्याच स्पर्धेत त्यांचे डोके फुटून टाके पडले होते. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्यांना घरी पाठवले नाही की मागे लपवले नाही. उचलून आघाडीला उभे केले. हे रहीमसाहेब पेशाने हैदराबादचे शाळामास्तर. कुठला गडी कुठे उभा केला असता त्याचे आणि शेजाऱ्याचेही बळ वाढते, याचा विचार त्यांनी केला. बॅनर्जींच्या वेगाला चुनी गोस्वामी आणि बलराम यांच्यासारखे जोडीदार होते. नुसते कडेला सोडून "पळ" म्हणणे एवढीच जर त्यांची विद्या असती, तर जकार्ताला आपल्यालाही एखादा "न दिसलेला" बॅनर्जी मिळाला असता.

आणि आता, ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो ते सांगतो. दुसऱ्याला दोष देणारा हा मास्तर स्वतः काय करीत होता?

बऱ्याच वर्षांपूर्वी शाळेचा फुटबॉल संघ माझ्याकडे आला. मी मॅट्रिक झालेला माणूस, थोडाफार लिहिणारा. खेळाचे शिक्षण शून्य. पण दुसरे कुणी तयार नव्हते. नदीकाठच्या एका गावाहून सायकलीने येणारा एक मुलगा शंभर मीटरच्या शर्यतीत पहिला आला. मी त्याला उजव्या कडेला उभा केला. एवढेच त्याचे प्रशिक्षण. चेंडू कुठे येईल, तो यायच्या आधी कुठे पाहावे, मधल्या मुलाशी नजरेने कसे बोलावे, यांतले मला एक अक्षर माहीत नव्हते, म्हणून शिकवलेही नाही. सामना लागला. मी रेषेबाहेर उभा राहून घसा फुटेपर्यंत एकच शब्द ओरडत होतो, "पळ! पळ! पळ!" तो पळत होता. चेंडू येवो न येवो, पळत होता. आम्ही दोन गोलांनी हरलो. परतीच्या टेंपोत मुले त्याच्यापासून अंग चोरून बसली. आणि सर्वांसमोर मी त्याला म्हणालो, "आज तू दिसलाच नाहीस."

होय, वाचकहो, ते वाक्य माझेही आहे. चहाच्या गाड्यावर ते ऐकून मी इतका का चिडलो, याचे कारण आता तुमच्या ध्यानात येईल.

सोमवारी त्याने शाळेचे बूट परत आणून दिले. धुऊन, नाड्या काढून, वेगळ्या गुंडाळून. मी कारण विचारले नाही; त्याने सांगितले नाही. पुढे कितीतरी वर्षांनी, गळिताच्या हंगामात, साखर कारखान्याच्या वाटेवर उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या मागे लावून ट्रॅक्टर उभा होता. वरून हाक आली, "सर!" तोच. खाली उतरून पाया पडला. चहा घेतला. इकडचे तिकडचे झाल्यावर मी धीर करून तो सामना काढला. तो हसला. म्हणाला, "सर, बॉल कवा येणार त्येच कळायचं न्हाई मला. तुमचा आवाज आला की पळायचो." रागाने नव्हे, अगदी सहज. पुढच्या ट्रॉल्या हलल्या आणि तो ट्रॅक्टरवर चढून गेला. मी चहाचे पैसे देण्याचेही विसरलो. गाडेवाल्याने हाक मारून आठवण केली.

कुणी म्हणेल, मास्तरांना एक पोरगा आठवला म्हणून काय सगळे कडेचे गडी निर्दोष? मुळीच नाही. मी स्वतःच त्यांचे दोष सांगतो. यांतले पुष्कळजण मान खाली घालून धावतात. मैदान संपल्यावर त्यांना कळते की मैदान संपले. कोपऱ्यातल्या निशाणापर्यंत जाऊन ते चेंडू आत फेकतात तो कुणाच्या डोक्यासाठी, हे त्यांना विचारू नये. समोरचे चढून आले असता कमरेवर हात ठेवून उभे राहतात, आणि मागचा बिचारा एकटा दोघांना अंगावर घेतो. हे सर्व खरे. पण मान वर करायला त्याला कुणी शिकवले? तो बारा वर्षांचा असताना आपण त्याच्यासाठी टाळ्या कशाला वाजवल्या? तीन जणांना चकवून चौथ्यापाशी चेंडू घालवला तरी "वाघ आहे वाघ!" म्हणणारे आपणच. मान वर करून साधा चेंडू शेजाऱ्याला देणाऱ्या पोरासाठी कुणी शिट्टी मारलेली मी ऐकलेली नाही.

दुसरे एक टोळके म्हणते, एवढा वेग आहे ना, मग त्याला कडेला कशाला ठेवता, मधोमध घाला, सरळ गोलावर जाऊ द्या. दिल्लीत त्या पहिल्या सामन्यात आपला जाधव आघाडीलाच होता. संघ बराच वेळ आपल्याच अर्ध्यात दबलेला, आणि पुढे हा; मागून लांब मारलेला चेंडू आला तर याचा, आणि याच्याभोवती हाडापेराने दीडपट अमेरिकन पोरे. यात दिसायचे म्हणजे काय करायचे? हात हलवायचा? त्याच स्पर्धेत तीन दिवसांनी कोलंबियाविरुद्ध भारताने विश्वचषकातला आपला पहिला गोल केला. तो कसा झाला ते पाहा. संजीव स्टॅलिनने कोपऱ्यातून चेंडू टाकला आणि जीक्सन सिंगने उंच उडी घेऊन डोक्याने आत घातला. एकाने टाकला, दुसरा तिथे होता. त्यासाठी कुणाला मैदानभर धावावे लागले नाही. (आणि त्या आनंदाच्या भरात पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने दुसरा गोल करून सामना नेला. तिथेही कुणा एकाची पाठ लागली नाही. लागली ती अकरांची, आनंदात.) पुढे घानाने चार-शून्य केले आणि स्पर्धा आपल्यापुरती संपली.

माझ्या व्यवसायबंधूंनाही मी यातून सोडत नाही. आम्ही कादंबरीकार काय करतो? एक नायक घेतो. त्याच्याच पायांनी सगळे कथानक धावते. बाकीची माणसे त्याला वाट करून देण्यापुरती. शेवटी जिंकला तर तो, मेला तर तो. माझ्या तिन्ही कादंबऱ्यांत हेच आहे. मग आमचे वाचक मैदानात जाऊन नायक शोधू लागले आणि तो सापडला नाही म्हणून संतापले, तर दोष त्यांना एकट्यांना कसा द्यावा?

एक गोष्ट मात्र शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसणाऱ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी तपासून पाहावी. अकरा जणांत प्रेक्षकांच्या सर्वांत जवळ कोण असतो? मधला गडी दूर असतो. गोलरक्षकाच्या पुढे जाळी असते, मागे जाळी असते. कडेचा गडी मात्र रेषेलगत, आपल्या पायऱ्यांखालून धावतो. कपाळावरचा घाम दिसेल इतका जवळ. आपण जे बोलतो ते सर्वांत आधी, सर्वांत स्पष्ट, त्याला ऐकू जाते. आईवरून, बहिणीवरून, जातीवरून, पेठेवरून. पहिल्या अर्ध्यात आपल्या माणसांचे ऐकायचे, मध्यंतरानंतर बाजू बदलली की समोरच्यांचे. आम्ही त्याला कडेला ठेवतो आणि त्याचे कान आमच्या तोंडाशी येतात. मग तो चेंडू लवकर सोडून देतो, चुकीचा देतो, आपल्यापासून लांब, आतल्या बाजूला सरकतो. आणि आम्ही म्हणतो, आज तो खेळात नव्हता! तो खेळात नसेलही. तो आपले ऐकत होता.

अनिकेत जाधवचे पुढे काय झाले, हे त्या सकाळी चहाच्या गाड्यावर बसलेल्यांपैकी कितीजणांनी विचारले कुणास ठाऊक. तो थांबला नाही. इंडियन सुपर लीगमध्ये खेळला. २०२१-२२ च्या मोसमात हैदराबादच्या संघात होता आणि तो मोसम त्या संघाने जिंकला. म्हणजे आपल्या निकालावाचून त्याचे काही अडले नाही. अडते ते आमच्या नदीकाठच्या पोरांचे, ज्यांना बूट परत करायला सोमवार पुरतो.

तालुक्याच्या शालेय स्पर्धा आता जवळ आल्या आहेत. यंदा संघ पुन्हा माझ्याकडे आहे. रोज संध्याकाळी पंधरा मिनिटे मी विंगच्या पोराला पळू देत नाही. मधल्या पोराला चेंडू घेऊन उभा करतो, आणि चेंडू मारण्याआधी मान वर करून विंगच्या पोराचे नाव मोठ्याने घ्यायला लावतो. नाव घेतल्यावाचून चेंडू मारला तर दोघांनाही मैदानाला एक फेरी. मुले हसतात. मैदानाशेजारून जाणारे पालक थांबून विचारतात, "सर, हे फुटबॉल आहे का हजेरी?" मी म्हणतो, हजेरीच आहे.

त्या पॅसेंजरमध्येही मी गप्प बसलो नाही. रुकडी ते हातकणंगले मी त्या तिघांना ऑफसाइड सांगितला, भिंत सांगितली, मोटर आणि विहीर सांगितली. दोघे ऐकत होते, तिसरा खिडकीबाहेर पाहत शेंगा फोडत होता. हातकणंगले आले. तो उठला, टरफले झटकली, खाली उतरला. गाडी हलल्यावर फलाटावरून चालत चालत खिडकीशी आला आणि म्हणाला, "तुमचं समदं पटलं बघा, मास्तर. पर त्यो आज दिसला न्हाई, ह्ये बी खरंच की!"